घर बदलताना मांजराने ओरखडले तर

सामान भरून टेम्पो दारात उभा राहिला की घरातले कोणीतरी घाबरलेल्या मांजराला हातात धरायला जाते. बहुतेक ओरखडे इथेच निघतात. मांजराला जागा आणि तिचा वास माणसांइतकाच ओळखीचा असतो. तो सुटला की ते बिथरते, लपते, अंगावर येते.

म्हणून मांजर हातात किंवा पिशवीत नेऊ नका. पिंजरा नसेल तर द्राक्षांचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने घट्ट बांधा. निफाडमध्ये ते शेजारीपाजारी सहज मिळतील. आत त्याचे नेहमीचे फडके घाला, पण ते धुऊ नका. त्या वासानेच त्याला धीर येतो.

नव्या घरात आधी एकच खोली द्या. खाणे, पाणी, मातीचा ट्रे आणि लपायला खोके तिथेच ठेवा. पलंगाखालून ओढून काढू नका. दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका, नाहीतर जुन्या घराच्या ओढीने निघून जाईल. थंडीत तर ते उबेसाठी गाडीच्या इंजिनाशी जाऊन बसते. एक दिवसाहून जास्त वेळ खाल्ले नाही किंवा बोका लघवीसाठी कुंथत असेल, तर लगेच पशुवैद्यकांकडे न्या.

सोफा, दार ओरबाडणे हा खोडसाळपणा नव्हे. पंज्यातल्या ग्रंथींचा वास लावून ते जागा आपलीशी करत असते. मारल्याने भीती वाढते आणि पुढचा ओरखडा तुम्हालाच बसतो. फळीला गोणपाट घट्ट गुंडाळून ती त्याच्या झोपायच्या जागेजवळ उभी करा.

तरीही ओरखडा उठलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. रक्त आले नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीज मांजरापासूनही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही. रक्त आले असेल किंवा चावा असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. निफाडकरांना उपजिल्हा रुग्णालय जवळचे आहे. सीरमसाठी नाशिकला जावे लागले तरी लसीचा पहिला डोस त्यासाठी थांबवू नका. दंडात घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात. मांजर घरचे आहे म्हणून वाट पाहू नका. लस सुरू करा आणि त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारून घ्या.

ओरखडा भरून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेला दुखरी गाठ आली, बारीक ताप राहिला, तर तो बार्टोनेला जंतूचा संसर्ग असू शकतो. मांजरांमध्ये तो पिसवांमुळे पसरतो. निरोगी माणसात तो सहसा आपोआप बरा होतो. मधुमेह, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेल्यांनी मात्र थांबू नये. डॉक्टरांना ओरखड्याचे आवर्जून सांगा, नाहीतर गाठीच्या तपासण्या भलत्याच दिशेने जातात.