निळ्या रक्तातील पहारेकरी

मनुष्याचे रक्त तांबडे असते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु निळसर रक्ताचे प्राणीही सृष्टीत आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लिम्युलस हा त्यांपैकीच एक होय. पाठीची ढाल घोड्याच्या नालेसारखी असल्यामुळे त्यास नालखेकडा म्हणतात. वास्तविक तो खेकडा नसून कोळी व विंचू यांचा आप्त आहे. त्याचे भाईबंद ओडिशा व बंगालच्या किनाऱ्यांवरही आढळतात.

लोहामुळे आपले रक्त तांबडे होते, तर तांब्यामुळे याचे रक्त निळसर दिसते. हे तांबे पेशींत नसून रक्तद्रवातच विरघळलेले असते. मग रक्तपेशींचे काम कोणते? सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले असता त्या बहुतेक एकाच प्रकारच्या दिसतात. अपक्व पेशीत कण थोडे असतात. पेशी वाढू लागली, म्हणजे तिच्यात कणांमागून कण तयार होतात आणि पक्व पेशी त्यांनी गच्च भरून जाते. मोठ्या कणांत रक्त गोठविणारी द्रव्ये असतात, तर लहान कणांत जंतुनाशक द्रव्ये. युद्धापूर्वीच योद्ध्याने भाता भरून ठेवावा, तशी ही तयारी असते.

या तयारीचा उपयोग फ्रेडरिक बँग या शास्त्रज्ञाच्या ध्यानी आला. त्याने लिम्युलसच्या शरीरात काही समुद्री जंतू टोचले, तेव्हा त्याचे रक्त गोठले. हे संशोधन 1956 साली प्रसिद्ध झाले. पुढे जॅक लेव्हिन याच्या साहाय्याने त्याने दाखवून दिले, की काही जंतूंच्या आवरणातील विषाचा अत्यल्प अंशही यास पुरेसा होतो. विषाचा स्पर्श होताच पेशी आपले कण बाहेर टाकते, भोवतालचा द्रव गोठतो आणि शत्रू त्यात अडकून पडतो.

पूर्वी टोचावयाची औषधे निर्दोष आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी ती सशांना टोचून ताप येतो का, याची वाट पाहावी लागे. 1977 पासून अमेरिकेत या कामी लिम्युलसच्या रक्तपेशींचा अर्क वापरण्यास मान्यता मिळाली. आज अनेक लशी व शिरेतून देण्याची द्रावणे या कसोटीतून जातात.

परंतु त्यासाठी असंख्य प्राणी पकडून त्यांचे रक्त काढले जाते. नंतर ते समुद्रात सोडले, तरी त्यांतील काही दगावतात. सिंगापूरच्या डिंग जीक लिंग व बो हो या शास्त्रज्ञांनी म्हणूनच या पेशींतील मुख्य द्रव्य प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत शोधून काढली. कोट्यवधी वर्षे टिकून राहिलेल्या या प्राण्याचा ज्यास उपयोग झाला, त्या मनुष्याने त्याच्या रक्षणाचीही काळजी वाहावी, हेच उचित होय.