पोपटी राक्षस

राक्षस पोपटी होता. दात गुलाबी, जीभ मोरपंखी, आणि मागचं आभाळ शाळेच्या बाकासारखं तपकिरी. "काकू, हे असंच असतं. मी रंगवत नाही, हद्दी पाडते," म्हणत चौथ्या मजल्यावरच्या पोरीनं राक्षसाच्या कानात जांभळा रंग ओतला.

पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्यात हद्द म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जमिनी गेलेल्यांना मिळणारे साडेबारा टक्क्यांचे प्लॉट, विमानतळासाठी उठलेल्या गावांचं पुनर्वसन, सिडकोचे नकाशे. इथल्या चहाच्या टपरीवर निम्म्या गप्पा त्याच्याच. पण राक्षसाच्या कानाची हद्द मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिच्या कामाला फ्लॅटिंग म्हणतात. मोठ्यांसाठीच्या अद्भुतरम्य ग्राफिक नॉव्हेलची पानं परदेशातून तिच्याकडे येतात ती नुसत्या काळ्या रेघांत. रंगकारानं हात लावायच्या आधी पानावरचा प्रत्येक आकार सुटा करून त्यात एकसपाट रंग भरायचा. रंग कुठलाही चालतो, फक्त शेजाऱ्याचा आणि आपला एक नको. पुढे रंगकार त्या पोपटी भागावर एकदा टिचकी मारतो आणि राक्षसाची कातडी तेवढी निवडली जाते. त्यासाठी कड कशी हवी, सुरीनं कापल्यासारखी. सॉफ्टवेअर आपणहून कडा मऊ करतं, ते आधी बंद करायचं. नाहीतर दोन रंगांच्या मध्ये धड इकडचे ना तिकडचे असे ठिपके राहतात आणि छापल्यावर राक्षसाभोवती मळकट किनार दिसते.

त्या रात्रीचं पान दलदलीचं होतं. त्या राक्षसाशेजारी चेटकीण, तिचे मोकळे केस आणि केसांतून निघणारा धूर. मी ते पान दहा सेकंदांत वाचून उलटलं असतं. तिला अडीच तास लागले, त्यातला तासभर एकट्या केसांना. चित्रकारानं केसांच्या टोकाशी रेघ मिटवलीच नव्हती, तशीच सोडून दिली होती. ती चित्र मोठं करत गेली, इतकं की केसांच्या जागी काळ्या पायऱ्या दिसायला लागल्या. "इथं केस संपले की धूर सुरू झाला, ते आता मी ठरवायचं." काचेवर पेन कुरकुरत राहिलं. ठरवलेलं तिनं दोनदा पुसलं.

तिची आई चहा घेऊन आली. चेटकिणीच्या अंगावर शेवाळाखेरीज फारसं काही नव्हतं, त्यामुळे मीच जरा अवघडले. आईनं कप ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हिचं कमरेचं हाड कुठं गेलं गं?" या प्रकारातल्या निम्म्या चित्रांवरची माझी तक्रार बाईंनी एका वाक्यात उरकली. 'प्रौढांसाठी' ही चिठ्ठी १९७७ साली अमेरिकेत 'हेवी मेटल' मासिक निघालं तेव्हापासून बिनहाडाच्या बायका खपवायलाही कामी आली आहे. पण त्याच मासिकानं मोबियससारखा फ्रेंच चित्रकार अमेरिकेतल्या वाचकांसमोर आणला. त्याच्या 'आर्झाक'मध्ये एक माणूस टेरोडॅक्टिलसारख्या प्राण्यावर बसून ओसाड प्रदेशावरून जात राहतो, एक शब्दही नसतो आणि तरी पानावरून डोळा हलत नाही.

भय आणि मांस आम्हाला लहानपणीच मिळालं होतं. 'चांदोबा'त शंकर यांनी काढलेला विक्रम उघडी तलवार घेऊन, खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालायचा, आणि ते मुलांचं मासिक होतं! रघुवीर मुळगावकरांच्या गुळगुळीत, उजळ कातडीच्या देवदेवता घरोघरी होत्या, आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची बरीच मुखपृष्ठंही त्यांच्याच हातची. मात्र ते एकेकटं चित्र असायचं. पाहिलं, दचकलो, आत मजकुराकडे वळलो. ग्राफिक नॉव्हेलमध्ये चित्रच मजकूर असतं आणि घाई करणाऱ्याला ते काही देत नाही.

राम व्ही यांनी लिहिलेलं आणि सुमित कुमार यांनी चितारलेलं 'दीज सॅव्हेज शोअर्स' मी तिच्याकडूनच वाचायला नेलं. १७६६ चा मलबार. लंडनहून एक रक्तपिपासू पिशाच्च येतं, आणि इथल्या रानात त्याच्याहून जुनं काहीतरी आधीच बसलेलं असतं. पान वारंवार नऊ सारख्या चौकटींत कापलेलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या खतावणीसारखं. पुस्तकातल्या पत्रांची आणि संवादांची अक्षरं आदित्य बिडीकर यांची. पहिल्यांदा मी फक्त संवादांचे फुगे वाचत पळाले. दुसऱ्यांदा फुग्यांवर पोस्टकार्ड धरून नुसती चित्रं पाहिली, तेव्हा एका चौकटीतून दुसरीत जाताना एखादी मान किती कमी वळते ते दिसलं. राम व्ही यांच्याच 'द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार'मध्ये मृत्युदेवतेची नोकरी जाते, कारण मुंबईत अमरत्वाचा शोध लावणारं मूल जन्मणार असतं. ती मुंबई फिलिप आंद्रादे या पोर्तुगीज चित्रकारानं गुलाबी-केशरी केली आहे. पनवेलच्या पुलावरून संध्याकाळी आभाळ कधीमधी तसं दिसतं, पण ते पुस्तक पाहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

महिन्याभरानं तिनं दलदलीचं तयार पान दाखवलं. पोपटी रंग गेला होता. राक्षस ओल्या राखेसारखा, कडेनं चंद्राचा निळा ओघळ. ओघळ जिथं थांबत होता ती कड तिची. केस आणि धूर मात्र रंगकारानं पुन्हा एकमेकांत मिसळून टाकले होते.

"मग तुझा तासभर?"

"त्याला मिसळायला दोन वेगळ्या गोष्टी नकोत का, काकू?"

वरून विमान गेलं, खिडकीची काच थरथरली. तिनं पेन उचलून धरलं, आवाज विरेपर्यंत थांबली आणि पुढच्या पानातल्या ड्रॅगनचे खवले मोजायला लागली.