वाचता येते, पण लिहिता येत नाही!

कार्यालयातील लिनक्स सर्व्हर सुरू असतो, जुन्या फायली उघडतात. मात्र नवी नोंद जतन करू गेल्यास 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असा संदेश पडद्यावर येतो. अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून उभारलेल्या 'रेड' साठ्यावर ही वेळ आली की साऱ्यांचीच तारांबळ उडते. अशा वेळी घाईने दिलेली एखादी आज्ञा मूळ बिघाडापेक्षा अधिक नुकसान करू शकते.

अमेरिकेतील बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ मधील शोधनिबंधामुळे 'रेड' ही संज्ञा रूढ झाली. एखादी डिस्क निकामी झाली तरी माहिती शाबूत राहावी, हा तिचा प्रमुख हेतू. लिनक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्ड लागत नाही. कर्नेलमधील 'एमडी' यंत्रणा हे काम करते आणि 'एमडीएडीएम' या आज्ञेद्वारे तिचा कारभार चालतो.

बंदी कोणत्या थरावर?

डिस्कचा समूह, म्हणजे अ‍ॅरे, हा खालचा थर. फाइल सिस्टीम हा वरचा. लेखनबंदी यांपैकी कोठेही असू शकते. त्यामुळे 'प्रॉक' या निर्देशिकेतील 'एमडीस्टॅट' ही फाइल आधी वाचावी. तेथे 'ऑटो-रीड-ओन्ली' असे दिसल्यास सहसा घाबरण्याचे कारण नसते. अ‍ॅरे जोडला गेला आहे, पण त्यावर अद्याप कोणी काही लिहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिले लेखन होताच ही अवस्था आपोआप संपते. क्वचितच वापरल्या जाणाऱ्या स्वॅपच्या अ‍ॅरेवर ती दीर्घकाळ दिसते. 'रीसिंक पेंडिंग' असा शेरा सोबत असेल, तर डिस्कची परस्पर जुळवणीही त्याच कारणाने थांबलेली असते. सर्व डिस्क उपस्थित आणि निर्दोष असल्याची खात्री करून 'एमडीएडीएम'चा 'रीडराइट' हा पर्याय वापरल्यास जुळवणी सुरू होते.

नुसते 'रीड-ओन्ली' असेल, तर ती बंदी कोणीतरी हेतुपुरस्सर घातलेली असते किंवा कर्नेलने लादलेली असते. उदाहरणार्थ, 'रेड-५' सोबतची जर्नल डिस्क गायब असल्यास कर्नेल लेखन रोखतो.

अ‍ॅरे सुस्थितीत दिसूनही लिहिता येत नसेल, तर दोष वरच्या थरात शोधावा. 'ईएक्सटी-४' फाइल सिस्टीमला तशी सूचना दिलेली असल्यास, गंभीर त्रुटी आढळताच ती स्वतःला 'रीड-ओन्ली' करून घेते. तिचे मूळ बहुधा 'डीमेसेज' या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नेलच्या नोंदींत सापडते. सैल केबल, अपुरा वीजपुरवठा वा खराब सेक्टर ही नेहमीची कारणे. डिस्कचे आरोग्य 'स्मार्ट' चाचणीने तपासता येते.

जबरदस्ती नको

'रेड-५' मध्ये एका डिस्कचा बिघाड सोसतो, दोन डिस्कचा नाही. दुसरी डिस्क बाहेर पडल्यावर 'फोर्स' पर्यायाने अ‍ॅरे सुरू करणे हा शेवटचा उपाय होय. 'क्रिएट' आज्ञा देऊन तोच अ‍ॅरे पुन्हा बनवण्याचा प्रयत्न तर अधिकच धोक्याचा. त्यात डिस्कवरील जुनी ओळखनोंद पुसली जाते आणि क्रम चुकल्यास माहिती हाती लागणे कठीण होते. चुकीच्या जोडलेल्या अ‍ॅरेवर 'एफएससीके' चालवली, तर दुरुस्तीच्या नावाखाली विध्वंस घडतो. आधी 'एन' पर्यायाने, काहीही न बदलता, नुसती तपासणी करावी.

लेखन बंद असले तरी वाचन सुरू आहे, ही या अवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. 'रेड' डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकीच्या आज्ञेपासून नव्हे. बॅकअपची जागा ती घेऊ शकत नाही.