तबकडीवरील नावे आणि कर्तृत्वाचे व्याकरण

ध्वनिमुद्रिकेवर छापलेली नामावली ही केवळ व्यापारी सोय होय, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः ती एक संक्षिप्त वाक्यरचना असते, आणि कोणत्याही वाक्यरचनेप्रमाणे तीही काही विधान करीत असते. कृतीचा कर्ता कोण, साहाय्यक कोण, आणि त्या दोघांचा संबंध कोणता, हे ती सांगते. कर्ता एक आणि कानी पडणारा आवाज दुसऱ्याचा, अशी स्थिती असली म्हणजे या विधानातील अडचण विशेष स्पष्ट होते. रॉक संगीतातील एखाद्या कीबोर्डवादकाने आपल्या वृंदाबाहेर जाऊन गाणे काढावे आणि ते गाण्यासाठी दुसऱ्या वृंदातील गायकास पाचारण करावे, हा या स्थितीचा उत्तम नमुना होय. १९८६ साली ‘शॉर्टकट टू समव्हेअर’ हे गाणे ‘सिंगल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या तबकडीवर निघाले. ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

टोनी बँक्स हे ‘जेनेसिस’ या इंग्रजी वृंदाचे संस्थापक-सदस्य. १९६७ साली सरे परगण्यातील चार्टरहाउस शाळेच्या विद्यार्थ्यांतून हा वृंद उदयास आला. १९७५ साली त्याचे गायक पीटर गेब्रियल बाहेर पडले आणि तालवादक फिल कॉलिन्स गाऊ लागले. बँक्स मात्र प्रारंभापासून कीबोर्डापाशीच राहिले. वृंदाच्या स्वररचनेत त्यांचा वाटा फार मोठा असूनही सामान्य श्रोत्याच्या मनात ‘जेनेसिस’ म्हणजे प्रथम गेब्रियल आणि पुढे कॉलिन्स, असेच समीकरण राहिले.

याचे कारण श्रोत्याच्या अरसिकतेत शोधण्याचे प्रयोजन नाही. मनुष्याचा आवाज हा त्याचा अंगभूत निर्देशक असतो. दोन शब्द ऐकताच बोलणारा ओळखू येतो. कीबोर्डवादकाचे तसे नाही. हॅमंड ऑर्गन, मेलोट्रॉन, विद्युत् पियानो, सिंथेसायझर अशी त्याची वाद्ये बदलत जातात आणि त्यांबरोबर त्याचा नादही बदलतो. त्याची ओळख नादात नसून स्वरसंगतीच्या योजनेत असते, आणि ती ओळखण्यास सराव लागतो. याहून महत्त्वाची गोष्ट सर्वनामाची. गीतातील ‘मी’ हा ज्या कंठातून उमटतो त्याच कंठाला श्रोता तो चिकटवून टाकतो. संगीतकाराच्या वाट्याला गीतात उत्तमपुरुष येतच नाही.

बँक्स यांनी स्वतःच्या नावाने काढलेला पहिला संग्रह ‘अ क्युरियस फीलिंग’ (१९७९) याचा अनुभव देतो. त्यावर नाव बँक्स यांचे, आवाज किम बीकन यांचा. तो ब्रिटनच्या विक्रीयादीत २१ व्या स्थानापर्यंत गेला. दुसऱ्या संग्रहात, ‘द फ्युजिटिव्ह’ (१९८३) मध्ये, बँक्स स्वतःच गायले. नाव आणि आवाज यांतील द्वैत अशा रीतीने नाहीसे झाले. परंतु हा संग्रह ५० व्या स्थानाच्या वर गेला नाही. कर्तृत्वाची एकरूपता साधली म्हणून श्रोता साधतोच असे नाही.

१९८६ साली बँक्स यांनी ‘क्विकसिल्व्हर’ या अमेरिकी चित्रपटास संगीत दिले. प्रस्तुत गाणे त्यातीलच. ते गाण्यासाठी आलेले फिश हे त्या वेळी ‘मरिलियन’ या वृंदाचे गायक होते. या वृंदाचे ‘केली’ हे गाणे १९८५ साली ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानी पोहोचले होते. मरिलियनची तुलना प्रारंभीच्या जेनेसिसशी, आणि फिश यांच्या गायनाची गेब्रियल यांच्या गायनाशी, वारंवार केली जात असे. ज्यांना अनुयायी म्हटले जाई त्यांचा आवाज मूळ वृंदाच्या संगीतकाराने मागून घ्यावा, यात एक प्रकारचे औचित्य होते.

आता नामावलीकडे वळू. आज या गाण्याचे वर्णन बहुधा ‘बँक्स यांचे एकल गीत, पाहुणे गायक फिश’ असे केले जाते. हा ‘सह’चा संबंध होय. ‘सह’च्या योगाने येणारे पद अप्रधान असते व म्हणून ते तृतीयेत येते, असे पाणिनीने सांगितले आहे. मराठीत हे क्रियापदावरूनही ताडता येते. ‘शिक्षिकेसह विद्यार्थी आला’ येथे क्रियापद एकट्या विद्यार्थ्याला अनुसरते. ‘शिक्षिका आणि विद्यार्थी आले’ येथे ते दोघांना अनुसरून अनेकवचनी होते. अलीकडे रूढ झालेला ‘फीचरिंग’ हा इंग्रजी शब्दही याच ‘सह’च्या जातीचा आहे. तो पाहुण्याचा गौरव करतो, पण त्याला कर्ता होऊ देत नाही.

परंतु ब्रिटनच्या विक्रीयादीत या तबकडीची नोंद ‘फिश अँड टोनी बँक्स’ अशी आहे. येथे ‘सह’ नाही, द्वंद्व आहे. आणि त्या द्वंद्वात गायक आधी आला आहे. द्वंद्वात कमी स्वरांचे पद प्रथम यावे असा पाणिनीचा नियम आहे, तर अधिक आदरणीय पद प्रथम यावे असे वार्तिककार कात्यायन सुचवितो. इंग्रजीतील जोडशब्दांतही आखूड पद आधी येते, असे विल्यम कूपर व जॉन रॉबर्ट रॉस यांनी १९७५ साली दाखविले, आणि त्या प्रवृत्तीला पाणिनीचेच नाव मिळाले आहे. ‘फिश’ हे पद एकाक्षरी आहे; शिवाय त्या वर्षी तो आवाज अधिक परिचित होता. दोन्ही नियम एकाच निष्पत्तीकडे नेतात. त्यांपैकी कोणता प्रभावी ठरला हे केवळ क्रमावरून ठरविणे शक्य नाही. द्वंद्व मात्र येथे यथार्थ आहे, कारण गीतलेखनाचे श्रेय दोघांच्याही नावावर आहे. ज्याने रचनेतच हात घातला त्याला निव्वळ पाहुणा म्हणणे व्याकरणाच्या दृष्टीनेही अयोग्य ठरते. विक्रीयादीत हे गाणे ७५ व्या स्थानापलीकडे गेले नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढील काळात बँक्स यांनी इतर रचनाही योजून पाहिल्या. १९८९ साली ‘बँकस्टेटमेंट’ व १९९५ साली ‘स्ट्रिक्टली इंक’ अशी समूहवाचक नावे त्यांनी घेतली, म्हणजे कर्त्याचे पदच झाकले. मधल्या ‘स्टिल’ (१९९१) वर नाव त्यांचे राहिले आणि आवाज अनेकांचे आले; त्यांत फिश पुन्हा होते. अखेर ‘सेव्हन’ (२००४) पासून ते वाद्यवृंदासाठी रचना करू लागले. तेथे एकल गायक कोणी नाही, आणि अभिजात परंपरेत रचनाकाराचे नाव आरंभी येते हा संकेतच आहे. ज्या प्रश्नाला सह, द्वंद्व आणि समूहनाम यांपैकी कोणीही पुरते उत्तर दिले नव्हते, तो तेथे उद्भवतच नाही. गाण्याच्या क्षेत्रात मात्र तो कायम आहे. तबकडीवरील नामावली कोणालाही प्रधान ठरवो, श्रोत्याचा कान मात्र गाणाऱ्यालाच कर्ता मानतो.