देवमाशांच्या शोधात

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कायकोरा नावाचे एक लहानसे गाव आहे. क्राइस्टचर्च शहरापासून ते सुमारे १८० किलोमीटर उत्तरेस आहे. एका बाजूस हिवाळ्यात बर्फाने झाकली जाणारी पर्वतांची रांग आणि दुसऱ्या बाजूस अथांग सागर, असे त्याचे स्थान मोठे रमणीय आहे. तेथील मूळ रहिवासी माओरी लोक. त्यांच्या भाषेत ‘काई’ म्हणजे अन्न व ‘कोउरा’ म्हणजे शेवंड. परंतु आज हे गाव शेवंडांपेक्षाही देवमाशांसाठी अधिक प्रसिद्ध आहे.

देवमासा हा नावाने मासा असला, तरी तो मासा नव्हे. तो सस्तन प्राणी आहे. तो पिलांना दूध पाजतो व फुफ्फुसांनी श्वास घेतो. म्हणून कितीही खोल गेला, तरी त्याला हवेसाठी वर यावेच लागते. कायकोराच्या समुद्रात प्रामुख्याने स्पर्म व्हेल जातीचे नर आढळतात. पूर्ण वाढलेला नर १६ मीटरपर्यंत लांब असतो. त्याचे चौकोनी मस्तक शरीराच्या जवळजवळ एक-तृतीयांश असते.

हे महाकाय प्राणी किनाऱ्याच्या इतक्या जवळ का येतात? याचे उत्तर सागरतळाशी आहे. किनाऱ्याच्या अगदी निकट समुद्रात एक प्रचंड दरी सुरू होते. तिची खोली पुढे १००० मीटरहून अधिक आहे. या दरीत अन्नाची विपुलता असते. तेथील माखले व मासे खाण्यासाठी देवमासे खोल बुड्या मारतात.

सकाळी प्रवाशांना घेऊन नौका निघते. किनारा मागे पडतो. थंड वारा अंगास झोंबू लागतो व पांढरेशुभ्र अल्बट्रॉस पक्षी लाटांवरून तरंगत जातात. सर्वांची दृष्टी क्षितिजावर खिळलेली असते. पण देवमासा कोठेच दिसत नाही. मग नौका थांबते, यंत्र बंद होते आणि पाण्यातील ध्वनी ऐकण्याचे उपकरण समुद्रात सोडले जाते. खोल पाण्यातील गडद अंधारात देवमासा टक् टक् असा आवाज करीत असतो व त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा माग काढतो. हा आवाज थांबला, की देवमासा वर येऊ लागला असावा, असे नावाडी ओळखतात.

काही वेळाने दूरवर पाण्याचा फवारा उडतो. स्पर्म व्हेलचे श्वसनछिद्र मस्तकाच्या डाव्या बाजूस असल्यामुळे त्याचा फवारा सरळ न उडता तिरपा उडतो. नौका सावकाश त्याच्या दिशेने जाते. मात्र ५० मीटरपेक्षा जवळ जाण्यास कायद्याने मनाई आहे. सुमारे दहा मिनिटे तो ओंडक्यासारखा पाण्यावर पडून श्वास घेतो. मग पाठीची कमान होते, भव्य शेपटी क्षणभर आकाशात उभी राहते आणि तो दिसेनासा होतो. आता पाऊणएक तास त्याचे पुन्हा दर्शन होणे नाही. कधी कधी दिवसभर शोधूनही देवमासा दिसत नाही आणि प्रवाशांना रिक्त मनाने परतावे लागते.

याच किनाऱ्यावर एके काळी देवमाशांची कत्तल होत असे. १८४२ साली रॉबर्ट फाइफ यांनी येथे देवमाशांच्या शिकारीचे ठाणे उभारले. माशांच्या चरबीचे तेल दिव्यांत जळू लागले. फाइफ यांच्या घराच्या पायात देवमाशांच्या मणक्यांची हाडे घातली होती. ती आजही पाहावयास मिळतात. देवमासे कमी होत गेले व १९६४ साली न्यूझीलंडमधील ही शिकार थांबली. १९७८ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला.

पुढे रेल्वेतील नोकऱ्या गेल्यामुळे गावातील अनेक माओरी कुटुंबांवर बेकारीची पाळी आली. देवमाशाच्या पाठीवर बसून आपला पूर्वज पाइकिया या देशात आला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. १९८७ साली काही कुटुंबांनी आपली घरे गहाण ठेवून एक लहान नौका घेतली आणि प्रवाशांना देवमासे दाखविण्यास प्रारंभ केला. हा व्यवसाय वाढला व गाव सावरले.

तथापि संकट संपलेले नाही. १४ नोव्हेंबर २०१६ च्या भीषण भूकंपाने सागरतळाची दरी ढवळून निघाली आणि पुढे सुमारे वर्षभर देवमाशांना अन्नासाठी अधिक कष्ट पडले. येथे येणाऱ्या देवमाशांची संख्या पूर्वीपेक्षा घटली आहे, असेही अभ्यासकांना दिसून आले आहे.

मृत देवमासा एकदाच तेल देई. जिवंत देवमासा पिढ्यान्‌पिढ्या गावाचे पोषण करू शकतो. परंतु तो समुद्रात राहिला पाहिजे. म्हणूनच नावाडी ठरावीक अंतरावर नौका थांबवितात आणि प्रवासी निःशब्द उभे राहून त्या खोल श्वासाचा आवाज ऐकतात.