आर. आर. पाटील : जिल्हा परिषदेतून राज्यशासनाकडे

स्थानिक स्वराज्य संस्थेतील अनुभव राज्याच्या धोरणात कसा उतरतो, हे आर. आर. पाटील (१९५७-२०१५) यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते. सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य राहिलेले पाटील १९९० मध्ये तासगावमधून विधानसभेवर निवडून आले. ते ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यात अनुदानापेक्षा श्रमदान व गावागावांतील स्पर्धा यांवर भर होता. मूल्यमापनानंतर पारितोषिके दिली जात. पुढे गृहमंत्री म्हणून २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेत त्यांनी हेच सूत्र गावातील तंट्यांना लावले. पुढाकार गावाकडे राहिला, हे दोन्ही उपक्रमांचे बळ होय. तथापि पारितोषिकाने स्पर्धा संपते, स्वच्छता व सलोखा मात्र नित्य राखावा लागतो. म्हणूनच अशा मोहिमांना ग्रामपंचायतीच्या नियमित कारभाराची जोड अपरिहार्य ठरते.