गाय पान्हा का चोरते?

माणूस आणि जनावर यांचा परस्परसंबंध हा विद्यापीठात अभ्यासावयाचा विषय आहे, असे सांगितल्यास गावातील वडीलधारी मंडळी हसतील. ज्या घरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, तेथे हा संबंध शिकविण्यास पदवीधर कशाला हवा, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, आपण परंपरेने मानीत आलेल्या पुष्कळ गोष्टींची मोजदाद आता विद्यापीठांतून होत आहे आणि तिचे निष्कर्ष दुभती जनावरे पाळणाऱ्यांस थेट उपयोगी पडणारे आहेत.

प्रस्तुत लेखकास या विषयाची गोडी स्वतःच्या एका चुकीमुळे लागली. एका शेतकऱ्याची संकरित गाय दुसऱ्या वेतात एकाएकी पान्हा चोरू लागली. गाय तपासून रोग नसल्याची खात्री झाली होती. म्हणून मी पेंडीचे प्रमाण वाढविण्याचा सल्ला दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तो दूध होते तेवढेच; खर्च मात्र वाढलेला, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून धारेपूर्वी गाईस सुई टोचण्यास प्रारंभ झालेला. शेतकऱ्याच्या वृद्ध मातोश्री ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही गव्हाण पाहिलीत, धार कोण काढतं ते नाही विचारलंत. सून बाळंतपणाला माहेरी गेलीय. आता गडी धार काढतो, अन् गाय जरा हलली की काठी घालतो.”

महाविद्यालयात आम्ही आहार, पैदास आणि रोग शिकलो होतो. हा साधा प्रश्न विचारावयास मात्र शिकलो नव्हतो.

भीतीने दूध अडते

वासराने ढुसण्या दिल्या अथवा कास धुऊन चोळली, की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव रक्तात उतरतो. तो कासेपर्यंत पोचला म्हणजे दुधाच्या पेशींभोवतीचे सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात आणि दूध सडात उतरते. यालाच आपण पान्हा म्हणतो. त्याचा जोर थोडी मिनिटेच टिकतो. गाय भ्याली तर शरीरात अॅड्रिनॅलिन सुटते आणि पान्हा अडतो. १९४१ साली अमेरिकेत ईली व पीटरसन या संशोधकांनी धारेच्या वेळी कागदी पिशव्या फोडून गाईंस दचकविले आणि ही गोष्ट प्रयोगाने दाखविली.

१९९९ साली रशेन प्रभृती संशोधकांनी दोन माणसांकडून गाईंस वागविले. एक सौम्य, दुसरा मारणारा. गाईंनी दोघांस वेगवेगळे ओळखले. मारणारा माणूस धारेच्या वेळी नुसता जवळ उभा राहिला, तरी कासेत मागे राहिलेले दूध सुमारे ७० टक्क्यांनी वाढले. कासेत दूध वारंवार राहू लागले की पुढील दूध तयार होण्याची क्रियाही मंदावते.

ऑस्ट्रेलियात हेम्सवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ दुग्धशाळांचा अभ्यास करून २००० साली असे दाखविले की, जेथे गाई माणसास अधिक भितात तेथे दूध कमी असते. २००९ साली इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठाने ५१६ दुग्धव्यावसायिकांकडून माहिती घेतली. गाईंना नावाने हाक मारणाऱ्यांकडे दर गाईमागे एका वेतात २५८ लिटर दूध अधिक आढळले. नाव ठेवल्यानेच दूध वाढते, असा याचा अर्थ नव्हे; जो नाव ठेवतो तो जनावराकडे लक्षही देतो, एवढा बोध मात्र निश्चित घ्यावा.

गोठ्यात काय करावे?

१. धार शक्यतो एकाच व्यक्तीने, ठराविक वेळी काढावी. माणूस बदलावयाचा असल्यास नव्याने काही दिवस जुन्याबरोबर गोठ्यात वावरावे.

२. धारेच्या जागी काठी व आरडाओरड वर्ज्य करावी. कुत्र्यास तेथे येऊ देऊ नये.

३. कास कोमट पाण्याने धुऊन, पुसून, हलके चोळावी आणि पान्हा उतरताच सहा-सात मिनिटांत धार पूर्ण करावी.

४. लस टोचणे, शिंगे जाळणे इत्यादी वेदनादायक कामे धारेच्या जागी करू नयेत.

५. गाभण कालवडीस विण्यापूर्वीच अंगावरून व कासेवरून हात फिरविण्याची सवय लावावी.

६. पान्ह्यासाठी सुई टोचू नये. दूध वाढविण्यासाठी जनावरास अपायकारक द्रव्य टोचणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हा आहे. पान्हा चोरणाऱ्या गाईची कासदाहासाठी तपासणी प्रथम पशुवैद्यकाकडून करून घ्यावी.

वरील गोठ्यात सुई बंद झाली आणि काठी माळ्यावर गेली. आजी रोज धारेच्या वेळी गाईजवळ बसू लागल्या आणि गड्यास हात कसा लावावा हे दाखवू लागल्या. आठ-दहा दिवसांत गाय पुन्हा पान्हावू लागली. मी सांगितलेली जादा पेंडही बंद करण्यात आली.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस एक विनंती आहे. आपल्या बैठकांस बहुधा पुरुष येतात. धार मात्र पुष्कळ घरी स्त्रिया काढतात. ज्यांच्या हातात कास आहे, त्यांच्यापर्यंत आपला सल्ला पोचत नसेल तर तो कागदावरच राहील. पुढील खेपेस गोठ्यात गेल्यावर गव्हाण अवश्य पाहावी. परंतु त्याआधी धार कोण काढते, हे विचारावे.